पाणंदीचा चिखल आणि रोड बाइकचं मडगार्ड

पत्र : दादा, नमस्कार. हरिपूरजवळ मळ्यात आमचं घर आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीनशे मीटर पाणंद, म्हणजे मळ्यांमधली मातीची वाट, आणि तिथून पुढे सांगलीतून मिरजेला एका लॅबमध्ये मी नोकरीला जाते. स्कूटी विकून मावसभावाची जुनी रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची रेसिंग सायकल घेतली. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) कार्बनचा, टायर २५ चे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंद, ब्रेक रिमला धरणारे. उन्हाळाभर मजेत गेले. वळवाच्या पहिल्याच पावसात पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उठला, बूट आतून भिजले, लॅबमध्ये पोचल्यावर कपडे बदलावे लागले. दुकानदाराने सीटखाली खोचायची एक पट्टी दाखवली. ओळखीचे सायकलवाले म्हणतात, घ्यायचं तर पूर्ण मडगार्डच घ्या. धाकटा दीर म्हणतो, रोड बाइकला मडगार्ड लावलं की दूधवाल्याची सायकल दिसते. माझी उंची पाच फूट एक इंच. वळताना बुटाचं टोक आत्ताच पुढच्या चाकाला लागतं. कोणतं मडगार्ड घेऊ? सासऱ्यांची, म्हणजे आण्णांची डबलबार सायकल शेडमध्ये उभी आहे. तिचं मडगार्ड बसेल का?
– एक वाचक, हरिपूर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडलो : पाणंद. तो शब्द पत्रात नसता तर चार ओळींत उत्तर लिहून मोकळा झालो असतो. तुमचं घर विश्रामबागेत असतं आणि दारापासून मिरजेपर्यंत डांबरच लागलं असतं, तर तुम्हाला फक्त पाण्याशी झुंजावं लागलं असतं. तुमच्या वाटेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाणी आणि चिखल. नावात 'मड' असलं तरी मडगार्ड उपयोगी पडतं ते पाण्याला. डांबरावरचं पाणी, त्यातली बारीक वाळू, गटारातून वर आलेली घाण, हे सगळं ते झकास अडवतं. आपल्या काळ्या रानातला चिखल मात्र मडगार्डमुळे अडत नाही, उलट मडगार्डमध्येच अडकून बसतो. त्यामुळे 'कोणतं मडगार्ड' हे ठरवण्याआधी 'पाणंदीचं काय करायचं' हे ठरवावं लागेल.

काळी माती कशी वागते ते मळ्यात राहणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नाही. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन ती तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती चपलेला चिकटते, त्या थरावर दुसरा थर, त्यावर तिसरा, आणि दहा पावलांत पाय जड होतो. सायकलच्या टायरचंही हेच होतं. फरक एवढाच की चपलेच्या वर मोकळी हवा असते, टायरच्या वर मात्र ब्रेक असतो आणि चिमट्याचा माथा असतो. टायरवर आलेला थर पुढे जाऊन तिथे खरवडला जातो, तिथेच साचतो, आणि चाक फिरायचं थांबतं. रोड बाइकला ही जागा मुळातच बोटभरसुद्धा नसते. तिच्यात मडगार्डची पट्टी घातली की उरलेली जागाही गेली. म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न मडगार्डच्या कंपनीचा नाही, फटीचा आहे.

ती फट आजच मोजा. चाकांत नेहमीएवढी हवा पूर्ण भरा, कारण हवा भरल्यावर टायर थोडा फुगतो. मग ॲलन कीचा सेट घ्या. ४ ची की म्हणजे ४ मिलिमीटर, ६ ची म्हणजे ६. दुसरं मोजमाप लागत नाही. टायरच्या माथ्यावरून, ब्रेकच्या पोटाखालून की आडवी सरकवत जा. पुढे बघा, मागे बघा, आणि मागच्या चाकाचा पायडलच्या बाजूचा, जिथे फ्रेमच्या दोन नळ्या एकत्र येतात तो कोपराही बघा. ४ ची की कशीबशी जात असेल तर पूर्ण मडगार्डचा विचार सोडून द्या. ६ ची जात असेल तर पातळ मडगार्ड बसतं, पण घासण्याच्या तक्रारी सुरू होतात. ८ ची की सैल फिरत असेल तरच मी रोजच्या वापरासाठी पूर्ण मडगार्ड बसवीन. पट्टीची जाडी आणि तिला धरणारी क्लिप यांत दोनेक मिलिमीटर जातात, शिवाय टायरला चिकटून येणाऱ्या खड्याला वाट हवी.

तुमच्याकडे काय निघेल याचा मला अंदाज आहे. रेसिंगसाठी बनवलेल्या सायकलींना आखूड हाताचे ब्रेक असतात. बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर ३९ ते ४९ मिलिमीटर. त्यांच्याखाली २५ चा टायर बसला की फारसं काही उरत नाही. ४७ ते ५७ मिलिमीटरचे थोडे लांब हाताचे ब्रेक ज्या फ्रेमला बसतात, त्या फ्रेमवर २८ चा टायर आणि मडगार्ड दोन्ही मावतं. फूटपट्टीने मोजून बघा, पण 'ब्रेक बदला म्हणजे जागा होईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चिमट्याचा माथा रिमपासून किती वर राहणार हे कारखान्यातच ठरलेलं असतं. आखूड जागेत लांब हाताचा ब्रेक लावला तर रबरं रिम सोडून खाली स्पोकांकडे उतरतात. तसंच, जागा करण्यासाठी टायर २५ चा २३ करायचा सल्लाही मिळेल. सांगली–मिरज रस्त्यावरचे पावसाळ्यातले खड्डे पाण्याखाली झाकलेले असतात. तिथे टायर बारीक करू नका.

आता दुकानातल्या पर्यायांकडे वळू.

सीटखाली खोचायची प्लास्टिकची पट्टी तुमच्या पाठीवरचा वरचा पट्टा बऱ्यापैकी अडवते, बस्स. बूट, पोटऱ्या, चेन यांना तिचा काहीही उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, तेव्हा बॅगेत पडून राहायला ती चांगली. जून ते सप्टेंबर रोज मिरजेला जाणाऱ्या माणसाचं तिच्यावर भागत नाही.

सीटच्या दांडीला पकडणारं लांब मडगार्डही मिळतं. ते मागे उंच तरंगत राहतं, खड्ड्यात डोलतं आणि हळूहळू एका बाजूला फिरतं. ते चाकापासून जितकं दूर, तितकं पाणी बाजूने निसटतं. मी ते घेणार नाही.

पूर्ण मडगार्ड म्हणजे तारांवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सळ्यांवर उभं राहणारं, चाकाला जवळून वेढणारं. काम सगळ्यात चांगलं त्याचंच. रुंदी टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे २५ च्या टायरला ३५ चं मडगार्ड. एसकेएस या जर्मन कंपनीचं ३५ मिलिमीटरचं क्रोमोप्लास्टिक मडगार्ड २० ते २८ च्या टायरसाठीच असतं. पण त्याच्या सळ्या बोल्टने कसायला चिमट्याच्या आणि मागच्या दांड्यांच्या टोकाला आट्यांची भोकं लागतात. चाकाच्या एक्सलजवळ ५ मिलिमीटरचा बोल्ट जाईल असं भोक दिसतंय का बघा. जुन्या रेसिंग फ्रेमला ते बहुतेक नसतं आणि कार्बनच्या चिमट्याला तर क्वचितच. भोक नसलं की मिस्त्री पी-क्लिप सुचवतात. ही रबर लावलेली पत्र्याची वळी असते, नळीभोवती आवळायची. मागच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर पी-क्लिप बेलाशक लावा. कार्बनच्या चिमट्यावर मात्र कुणालाही ती आवळू देऊ नका. कार्बन एका जागी दाबला गेला की आतून चिरतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढचा सगळा भार त्या चिमट्यावरच असतो.

राहिलं ते रबरी पट्ट्याने बांधायचं मडगार्ड. लहान सळ्या, आणि त्या चिमट्याला व मागच्या दांड्यांना ताणून बांधायचे रबरी पट्टे. दोन मिनिटांत लागतं, दोन मिनिटांत निघतं. ब्रेकच्या पोटाखालून ते जात नाही, ब्रेकच्या मागेच सुरू होतं, त्यामुळे सगळ्यात अरुंद जागा आहे तेवढीच मोकळी राहते. तुमच्या सायकलला हेच. घेताना दोन गोष्टी बघा : २५ चा टायर पूर्ण झाकला जाऊन दोन्ही बाजूंना थोडी कड उरली पाहिजे, आणि पुढचं मडगार्ड खाली जितकं लांब मिळेल तितकं घ्या. पट्टा जिथे बसणार तिथे चिमट्यावर आधी जाड पारदर्शक टेप लावा. पट्ट्याखाली वाळूचा कण शिरला की दिवसभराच्या थरथरीने तो पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. पंधरा दिवसांनी पट्टे सोडून खालची जागा ओल्या फडक्याने पुसत जा.

'लांब' या शब्दावर मी जरा रेंगाळतो, कारण मडगार्ड घेताना माणसं मागच्या चाकाचाच विचार करतात. पाठीवरचा पट्टा सगळ्यांना दिसतो ना! रोज जाणाऱ्याला खरा त्रास देतं ते पुढचं चाक. टायर रस्त्यावरून पाणी उचलतो आणि ते पाणी चाकाच्या कडेने सरळ रेषेत सुटतं. पुढच्या चाकाच्या मागच्या खालच्या भागातून सुटलेलं पाणी थेट तुमच्या बुटांवर, नडगीवर, फ्रेमच्या खालच्या दांडीवर आणि चेनच्या चक्रावर जातं. पावसात बूट वरून भिजतात त्याहून जास्त या खालच्या फवाऱ्याने भिजतात. रेनकोटची पँट घातली तरी तो बुटाच्या जिभेतून आत शिरतो. आणि ते नुसतं पाणी नसतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्या भागातल्या रस्त्यांवर जो गाळ राहिला होता, तसला पिठासारखा गाळ थोड्याफार प्रमाणात दर पावसाळ्यात असतोच. चेनच्या तेलात तो मिसळला की कड्यांच्या आत घासकामाची पेस्ट तयार होते. हाच फवारा चिमट्याच्या वरच्या टोकाकडे जाऊन हँडलच्या खालच्या बेअरिंगमध्येही पाणी नेतो. एका पावसाळ्यानंतर हँडल वळवताना दाणेदार लागायला लागलं तर त्याचं कारण तेच.

त्या चाकाच्या पुढच्या बाजूने सुटलेलं पाणी वर आणि पुढे उडतं, हवेत त्याचा वेग कमी होतो आणि तुम्ही मागून येऊन त्यात शिरता. म्हणून वेगात जाताना तोंडावर शिंतोडे येतात. पट्ट्याच्या मडगार्डमध्ये पुढचा भाग मोकळाच राहतो, तेव्हा हे थोडं सोसावं लागेल. चष्मा किंवा पारदर्शक गॉगल घाला. पाय कोरडे राहणं जास्त महत्त्वाचं आहे.

बाजारात मिळणारं कुठलंही पुढचं मडगार्ड पुरेसं खाली येत नाही, हा माझा आजवरचा अनुभव. त्याला फ्लॅप, म्हणजे टोकाला खाली लोंबणारा तुकडा, लावावाच लागतो आणि तो घरी करायचा असतो. ऑइलचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन किंवा स्कूटरची जुनी ट्यूब घ्या. आधी कागदाचा साचा कापा : वर मडगार्डइतका रुंद, खाली तळहाताएवढा पसरलेला. लांबी अशी की टोक जमिनीपासून चार बोटं वर राहील. साचा चिकटपट्टीने लावून, सायकल ढकलत गतिरोधकावरून नेऊन बघा. टेकला तर एक बोट कापा. मग मडगार्डच्या टोकाला दोन भोकं पाडून छोटे बोल्ट, आतल्या बाजूला बोल्टची गोल डोकी आणि बाहेर नट, दोन्हीकडे रुंद वायसर. उलटं लावलं तर बोल्टची शेपटी टायरला लागते. ट्यूबचा फ्लॅप लवचीक असतो, दगडाला लागला तरी मोडत नाही. फक्त वाऱ्याने मागे उचलला जाऊ नये म्हणून खालच्या टोकाला एक जास्तीचा नट-बोल्ट लावा, वजनाला. एवढ्याशा तुकड्याने बूट किती कोरडे राहतात ते पहिल्याच दिवशी कळेल.

मागच्या मडगार्डलाही असाच एक लावा. त्याचा फायदा तुम्हाला नाही, तुमच्या मागून सायकलवर येणाऱ्या शाळेच्या पोरांना आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा. काही वर्षांपूर्वी मी माधवनगरकडून येत होतो. कारखान्यांचा हंगाम सुरू होता, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पडलेलं उसाचं पाचट आणि कांड्यांचे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरलेले. माझ्या सायकलला तेव्हा सळ्यांवरचं पूर्ण मडगार्ड होतं, पुढेही. एक हातभर कांडं टायरने उचललं, ते मडगार्डच्या खालच्या टोकातून आत शिरलं आणि चाकाबरोबर वर ओढलं गेलं. सळ्या दुमडल्या, मडगार्ड घडी होऊन चिमट्याखाली अडकलं आणि पुढचं चाक जागेवर थांबलं. मी हँडलवरून पुढे पडलो. गळपट्टीचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. वेग फार नव्हता, नाहीतर काय झालं असतं त्याचा विचार मी आजही टाळतो.

त्यानंतर मला कळलं की चांगल्या पूर्ण मडगार्डच्या पुढच्या सळ्यांना खाली प्लास्टिकची सुटणारी क्लिप असते. काही अडकून ओढ बसली की क्लिप सुटते, सळी मोकळी होते, चाक थांबत नाही. माझ्या मडगार्डला ती नव्हती आणि ती असायला हवी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पुढे कधी दुसरी सायकल घेऊन पूर्ण मडगार्ड बसवलंत, तर पुढच्या चाकाला सुटणारी क्लिप नसलेलं मडगार्ड फुकट मिळालं तरी घेऊ नका. पट्ट्याच्या मडगार्डमध्ये हा धोका कमी असतो, कारण ओढ बसली की रबर ताणतं, पट्टा निसटतो. म्हणूनच ते पट्टे वायरने किंवा केबल टायने 'पक्के' करण्याचा मोह टाळा. मिस्त्री प्रेमाने करून देतील, नको म्हणा.

हाच धोका फटीच्या आकारातही असतो. चाक फिरताना टायर मडगार्डमध्ये खालच्या मागच्या टोकातून शिरतो आणि वर जाऊन बाहेर पडतो. म्हणजे शिरण्याच्या तोंडाशी फट लहान आणि पुढे मोठी होत गेली तर आत आलेला खडा बाहेर पडतो. उलट, तोंडाशी ऐसपैस आणि वर चिंचोळी झाली तर आत आलेली वस्तू पाचरीसारखी आवळत जाते. मडगार्ड लावल्यावर बाजूला बसून बघा, खालच्या टोकापेक्षा वर जागा कमी दिसता कामा नये.

बुटाचं टोक चाकाला लागतं म्हणता, ते लहान फ्रेममध्ये होतंच. त्यात तुमचा किंवा सायकलचा दोष नाही. सरळ जाताना ते कधीच लागत नाही, सावकाश आणि पूर्ण वळतानाच लागतं, म्हणजे पुष्पराज चौकात सिग्नलला थांबून निघताना किंवा गल्लीत उलटं फिरताना. पुढे पूर्ण मडगार्ड बसवलं तर हे अंतर आणखी कमी होईल आणि चाकाऐवजी मडगार्डची कड किंवा सळी बुटाला लागेल. तुमच्या बाबतीत पूर्ण मडगार्ड न घेण्याचं हेही एक कारण. पट्ट्याचं मडगार्ड लावल्यावर घराच्या अंगणात पायडल आडवं ठेवून हँडल वळवून बघा, आणि पावसाळ्यात सावकाश वळताना वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय (डावीकडे वळताना उजवा) पुढे येणार नाही अशी सवय लावून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण कपडे बदलावे लागतात असं लिहिलंय म्हणून सांगतो. ड्रेसवर ओढणी घेत असाल तर सायकलवर ती बॅगेत. जुन्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जाळी असायची ती याचसाठी. पट्ट्याचं मडगार्ड चाकाच्या बाजू झाकत नाही, त्यामुळे ते असलं तरी ओढणी स्पोकांत जाऊ शकते.

आता दिरांबद्दल. त्यांना सांगा, दूधवाल्याची सायकल हे कौतुक आहे. तिचं मडगार्ड पुढे चिमट्याच्या पलीकडे येतं, मागे खाली उतरतं, टोकाला रबराचा फ्लॅप असतो, आणि टायर व पत्र्यामध्ये बोट जाईल एवढी जागा असते. भर पावसात दोन्हीकडे कॅन लटकवून, पहाटे चारपासून आठपर्यंत सायकल चालवणाऱ्या माणसाला काय लागतं ते ती सायकल बनवणाऱ्यांना कळलं होतं. रेसिंगच्या सायकलला मडगार्ड नसतं, कारण शर्यत काही तासांची असते आणि संपल्यावर सायकल धुवायला वेगळी माणसं असतात. तुम्ही शर्यतीला निघालेल्या नाही. तुम्हाला सकाळी लॅबमध्ये कोरड्या पायांनी उभं राहायचंय. सायकल कामाची असली की तिचं रूप कामानेच ठरावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि आता पाणंद. तीनशे मीटरसाठी तुमच्या बारा-तेरा किलोमीटरच्या वाटेचा निर्णय बिघडू देऊ नका. चार-आठ दिवस पाऊस लागला की पाणंदीतून ही सायकल चालवायचीच नाही. डांबरी रस्त्याच्या तोंडाशी कुणाचं घर, शेड, किराणा दुकान असेल तर त्यांना विचारा. गावाकडे कुणी नाही म्हणत नाही. फार तर पावसाळाभर सायकल आडोशाला ठेवण्याबद्दल दिवाळीला फराळ द्या. घरून निघताना पायात गमबूट किंवा रबरी चप्पल, ऑफिसचे बूट पिशवीत. रस्त्याशी पाय धुवायचे, बूट चढवायचे, सायकल काढायची. यात पाच-सात मिनिटं जातात, पण ब्रेकमध्ये काळी माती अडकून रस्त्याच्या तोंडाशी ती उकरत बसण्यात त्याहून जास्त जातात. शिवाय रिमवर राहिलेली ती माती ब्रेकच्या रबरात रुतून रिम खाते. रिमला धरणाऱ्या ब्रेकमध्ये रिम हाच झिजणारा भाग, आणि तो बदलायचा म्हणजे अख्खं चाक नव्याने ओवावं लागतं.

आडोसा मिळालाच नाही तर सायकल खांद्यावर घ्या. रोड बाइक हलकी असते, हा तिचा गुण इथे कामाला येतो. ढकलत मात्र नेऊ नका. ढकलली तरी चाकं माती उचलतातच. झिमझिम असेल आणि पाणंद वरवर ओली असेल तर कडेच्या गवतावरून नेली तर चालते.

पुढे पाच-सहा वर्षांनी सायकल बदलायची वेळ आली तर त्या वेळी आट्यांच्या भोकांची, ३२ चा टायर आणि त्यावर मडगार्ड मावेल अशी डिस्क ब्रेकची सायकल घ्या. डिस्क ब्रेकला टायरच्या माथ्यावर काही नसतं, त्यामुळे जागा भरपूर मिळते. आज त्यासाठी ही सायकल टाकून देण्याचं काहीच कारण नाही.

मडगार्ड मिरगाच्या आधी लावा आणि परतीचा पाऊस संपला की काढा. आपल्याकडे ऑक्टोबरातला पाऊस कधीकधी जुलैपेक्षा जोरात येतो, तेव्हा दसऱ्याला काढायची घाई नको. दिवाळीनंतर मात्र काढाच, कारण कारखाने सुरू होतात आणि रस्त्यावर पाचट येतं. वापरात असताना आठवड्यातून एकदा सायकल हाताने उचलून चाक फिरवा आणि ऐका. खर्रखर्र आवाज म्हणजे आतल्या बाजूला गाळ चिकटलाय. पाणी मारून, जुन्या टूथब्रशने काढा. नुसता खडखडाट म्हणजे कुठला तरी बोल्ट सैल. फ्लॅपच्या नटांखाली ट्यूबच्या तुकड्याचे वायसर घातले तर तो आवाज थांबतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे एका पावसाळ्यात गंजून बसतात.

आण्णांच्या सायकलचं मडगार्ड तुमच्या सायकलला बसणार नाही. डबलबारचं चाक २८ बाय दीड इंचाचं, त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, तुमचा ६२२. टायरही जवळजवळ दीडपट रुंद. पत्रा जड, त्याची गोलाई वेगळी, आणि ते धरायला चिमट्यावर जे बोल्ट लागतात ते तुमच्याकडे नाहीत. ते कापून-ठोकून बसवायच्या भानगडीत पडू नका, आण्णांची सायकल आहे तशी राहू द्या. फ्लॅपचा साचा मात्र तिच्यावरून घ्या. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबर असेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिलने गिरवा आणि रुंदी थोडी कमी करा.

आणि साचा गिरवताना आण्णांना शेजारी बसवून विचारा, रानातून येताना मडगार्डमध्ये माती भरली की ते काय करायचे. त्या काळातली माणसं कॅरिअरला एक काडी अडकवून ठेवायची. कुणाची तुरीच्या वाळल्या काटकीची, कुणाची बांबूची चपटी चिरलेली. थोडं अंतर गेलं की उतरायचं, काडी मडगार्डमध्ये घालून माती काढायची, पुन्हा निघायचं. तुमच्या सायकलची फट बारीक आहे, त्यामुळे बांबूची चपटी काडी बरी पडेल. वीतभर लांबीची, कडा घासून गुळगुळीत केलेली. आण्णांना ती तासून द्यायला सांगा.